बिनखरखरीचा रिसीव्हर

सोमवार, ३ मार्च. सकाळ.

आजपासून रागवायचं नाही. डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडवता सोडवता सांगितलं की ब्लड प्रेशरचा आकडा काळजीचा आहे. मी म्हटलं, आकडा माझा नाही, माझ्या ऑफिसचा आहे. ते हसले. पेशंटला हसणारे डॉक्टर मला चालत नाहीत, पण गप्प बसलो. रोज चार ओळी लिहून काढल्या की डोकं थंड राहतं म्हणे. म्हणून हा उद्योग.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. कुणाला मूर्ख म्हणायचं नाही. मनातसुद्धा.

तोच दिवस, संध्याकाळ.

मूर्ख. एकजात सगळे मूर्ख.

आमचं यान या महिन्यात धूमकेतूच्या शेपटीतून आरपार जाणार. एकदाच. पुन्हा तिकडे फिरकणार नाही. त्याला दोन लांबलचक काठ्या आहेत, त्या अँटेना. त्या काठ्यांच्या बुडाशी बसलेला रिसीव्हर माझा. जमिनीवर टेस्टिंगला तो इतका शांत होता की टेस्टवाल्याला वाटलं बंद आहे. त्याने दोनदा वायर हलवून बघितली. माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा सन्मान.

आणि वर जाऊन काठ्या उघडल्या, तर खरखर! स्क्रीनवरच्या आलेखात सगळीकडे खरखर, आणि मधोमध एक उंचवटा. माझ्या रिसीव्हरमध्ये! आणि त्या दिवशी शास्त्रज्ञांच्या टेबलावरची मंडळी काय करत होती? टाळ्या वाजवत होती. उभी राहून. माझा भर सभेत पाणउतारा होतोय आणि हे लोक टाळ्या वाजवतात. ते मी विसरलेलो नाही. आज मीटिंगमध्ये पुन्हा कुणीतरी म्हणालं, खरखर मस्त येतेय. तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढवला नाही. फक्त खुर्ची जरा जोरात सरकवली.

मंगळवार, ४ मार्च.

जेवताना भाचीने परत तेच सुरू केलं. भाची म्हणजे ताईची मुलगी. आमच्याकडेच राहते, आमच्याच संस्थेत शास्त्रज्ञांच्या बाजूला पीएचडी करते. घरात छकुली. तिचा सगळा प्रबंध या शेपटीवर लटकलेला आहे. चार वर्षं याच दिवसाची वाट बघतेय बिचारी.

तर ती सांगत होती की अंतराळ रिकामं नसतं. तिथे इलेक्ट्रॉन मोकाट सुटलेले असतात, आणि अँटेनाच्या जवळून जाताना प्रत्येक जण तिला बारीकसा धक्का देऊन जातो. असे अगणित धक्के मिळून, मामा, ती खरखर होते... इथे मी तिच्याकडे मीठ मागितलं. पुढे म्हणाली की उंचवटा कुठे आहे त्यावरून इलेक्ट्रॉन किती दाटीवाटीने आहेत ते कळतं, आणि त्याच्या आजूबाजूचा आकार बघून ते किती गरम आहेत ते. मी म्हटलं, छकुली, उंचवटा पॉवर सप्लायचा आहे. पॉवरवाल्याने स्वस्तातला माल बसवलाय. ती म्हणाली, मामा, तू ऐकतच नाहीस.

मी! अख्खं आयुष्य ऐकायचं यंत्र बनवण्यात घालवलेला माणूस!

ही म्हणाली, आधी जेवून घ्या, निवतंय. ही कधीच माझी बाजू घेत नाही.

बुधवार, ५ मार्च.

फ्रिजची घरघर असह्य. खाली रबराचे तुकडे सरकवले. आता तो किंचित पुढे कलतो आणि दार आपोआप उघडतं. घरघर मात्र बरीच कमी. हिला त्याचं कौतुक नाही.

गुरुवार, ६ मार्च.

पॉवरवाल्याशी समोरासमोर बोललो. शांतपणे. तो म्हणतो मी शांत नव्हतो, पण कॉफी मशीनच्या आवाजावर बोलायचं म्हणजे आवाज थोडा वर न्यावाच लागतो.

त्याला विचारलं, तुझ्या डबड्याची घाण माझ्या रिसीव्हरमध्ये का येते? तो म्हणाला, माझी घाण एका ठिकाणी उभ्या रेघांसारखी दिसते, साहेब, ती मी कबूल केलीय, त्या चार रेघा माझ्याच. पण तो उंचवटा रोज इकडून तिकडे हलतो, माझं डबडं कशाला हलेल? मी म्हटलं, तूच कुठे एका जागी असतोस? तर म्हणाला, त्या उंचवट्याचं तुमच्या भाचीलाच विचारा ना.

माझ्या घरच्यांना मध्ये आणतो! रागावलो नाही. कप बेसिनमध्ये पडून फुटला, तो आपोआप.

शुक्रवार, ७ मार्च.

बाईंकडे गेलो. बाई म्हणजे प्रकल्पप्रमुख. त्यांच्या मागे लागून परवानगी मिळवली: पॉवरवाल्याचा वीज पुरवणारा एक कन्व्हर्टर थोडा वेळ बंद करायचा, दुसऱ्यावर यान चालवायचं. आज दुपारी केलं. उभ्या रेघांपैकी दोन गेल्या. उंचवटा जागच्या जागी.

निष्कर्ष: पॉवरवाल्याने कन्व्हर्टर नीट बंद केलाच नाही.

बाई म्हणाल्या, आता तरी पटलं का? मी म्हटलं, मला तर केव्हाच पटलंय.

शनिवार, ८ मार्च.

उंचवटा वर सरकतोय. यान धूमकेतूजवळ जातंय तसतसा रोज थोडा वर. म्हणजे पॉवरवाल्याचं डबडं तापत चाललंय. उघड आहे. भाची मात्र संध्याकाळी घरी आली ती हसतच. म्हणाली, मामा, दाटी वाढायला लागली! बूट न काढता स्वयंपाकघरात जाऊन हिला मिठी मारली. हल्लीच्या मुलांना कशाचा आनंद होईल काही सांगता येत नाही.

रविवार, ९ मार्च.

ताईचा फोन. म्हणाली, पोरीकडे लक्ष आहे ना रे तुझं? फोनवर नुसती धूमकेतू, धूमकेतू करते, जेवते तरी का? मी म्हटलं, ताई, निर्धास्त राहा. तुझ्या मुलीचा प्रबंध मीच तारणार आहे. ताई म्हणाली, तू फक्त तिच्या कामात नाक खुपसू नकोस. लहानपणापासून ताईने मला ओळखलेलंच नाही.

पण बोलता बोलता मला सुचलं. पोरीला हवा असलेला सिग्नल या खरखरीच्या खाली गुदमरून पडलाय, आणि ती बिचारी खरखरीचंच कौतुक करत बसलीय, कारण वरच्या लोकांनी तिला तेच शिकवलंय. वरची घाण काढली की खालचं सोनं आपोआप दिसेल. हे काम पॉवरवाला करणार नाही. बाई करणार नाहीत. मलाच करावं लागणार.

मंगळवार, ११ मार्च.

झालं! नाव ठेवलंय झाडू.

छोटासा प्रोग्राम. यानावरच बसतो. रिसीव्हरमध्ये जी काही संथ, सगळीकडे पसरलेली खरखर येते, तिची सरासरी काढायची आणि तिथल्या तिथे वजा करायची. उरेल तेवढंच खाली पाठवायचं. आज लॅबमध्ये जुनी नोंद घालून चालवला. उंचवटा भुईसपाट. उभ्या रेघा गायब. स्क्रीनवर एक सरळ रेघ, इस्त्री केल्यासारखी. डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

वजा केलेलं कुठे साठवून ठेवायची सोय मुद्दाम ठेवली नाही. कचरा कुणी जपून ठेवतं का?

बुधवार, १२ मार्च.

छकुलीला सांगायचं नाही. सरप्राइज. हिला सांगितलं. ही म्हणाली, तिला विचारलंत का? मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? ही म्हणाली, काय काढून टाकताय ते तरी तिला आधी दाखवा. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? हिने फ्रिजचं दार लावलं. जरा जोरात लावलं.

संकल्प: घरात टेक्निकल विषय काढायचा नाही.

शुक्रवार, १४ मार्च.

आजचा दिवस सोन्याचा! मधेमधे डोकं फिरवणारा, पण सोन्याचा.

आमच्याकडे यानाला कुठलीही आज्ञा पाठवायची तर आधी सगळ्या टेबलांना एकेक करून विचारतात. प्रत्येक टेबलाने मोठ्याने हरकत नाही म्हणायचं. एक जण जरी गप्प राहिला तरी आज्ञा जात नाही. शेपटीच्या आधीची आज शेवटची फेरी. मी झाडू मांडला. स्लाइडवर लिहिलं: अनावश्यक पार्श्वभूमी कमी करणे.

आज्ञा पाठवणारी म्हणाली, याची पुरेशी चाचणी झालेली नाही. मी म्हटलं, मी केलीय. ती म्हणाली, तुम्ही एकट्याने केलीय. मी म्हटलं, एकट्याने केली म्हणूनच नीट झालीय. बाई कपाळ चोळत म्हणाल्या, रिसीव्हर त्यांचा, डेटा विज्ञानवाल्यांचा. विज्ञान-टेबलाला चालत असेल तर मला चालेल.

विज्ञान-टेबलावर नेहमी भाचीचे गाईड बसतात. त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांच्या जागी भाची. पहिल्यांदाच त्या खुर्चीत. पाठ ताठ, समोर पाण्याचा ग्लास, तोंड एवढंसं. मला अभिमान वाटला, तेवढ्यात तिने प्रश्न काढला. भर मीटिंगमध्ये! मला! म्हणाली, यातून पॉवर सप्लायच्या रेघा जातील ना? मी म्हटलं, त्याही जातील. म्हणाली, त्याही म्हणजे? आणखी काय जाईल?

आता सरप्राइज फोडायचं का सगळ्यांसमोर? मी म्हटलं, छकुली, मामावर विश्वास नाही का तुझा?

सगळे हसले. छकुली हे नाव ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. तिचे कान लाल झाले. पॉवरवालासुद्धा हसत होता. तिने ग्लास उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाली, हरकत नाही.

माझी भाची!

रविवार, १६ मार्च.

छकुली परवापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. म्हणते, ऑफिसात नावाने हाक मार, मी लहान आहे का? मी म्हटलं, थोडे दिवस थांब, मग बघ सगळे तुला कसे नावाने ओळखतात. ती म्हणाली, म्हणजे काय? मी गूढ हसलो.

ही म्हणाली, असे हसू नका, भीती वाटते.

मंगळवार, १८ मार्च.

यान शेपटीत शिरलं. धुळीपासून वाचायला ढाल पुढे करून वळलंय, त्यामुळे त्याची पाठ आपल्याकडे. उद्यापर्यंत संपर्क नाही. मधल्या काळात मिळालेलं सगळं ते साठवून ठेवणार आणि मग खाली सोडणार. सगळं म्हणजे झाडूने उरू दिलेलं सगळं!

जीव टांगणीला. वरच्या मजल्यावरचे दिवसभर फर्निचर सरकवत होते. वर जाऊन सांगून आलो. त्यांच्याकडे टेबल आणि एक खुर्ची एवढंच आहे, असं ते म्हणतात. खोटं.

छकुली दोन घास खाऊन उठली. म्हणाली, मामा, आत्ता या क्षणाला तिथे माझे थंड इलेक्ट्रॉन आहेत. धूमकेतूजवळ ते नेहमीपेक्षा थंड असतात असं मला वाटतं, आणि ते आजवर कुणी असं मोजलेलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, तुला हवं ते सगळं मिळेल. ती थोडी हसली. बऱ्याच दिवसांनी.

उद्यासाठी केकची ऑर्डर दिली. त्यावर काय लिहू असं बेकरीवाल्याने विचारलं. मी म्हटलं, शांतता. त्याला वाटलं कुणी वारलंय.

बुधवार, १९ मार्च. दुपार.

डेटा आला.

सपाट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एवढं मोठं शेपूट पार केलं आणि खरखरीचा एक ठिपका नाही. मधे एखादा टोकदार काटा, धुळीचा कण आपटल्याचा, बाकी इस्त्री. माझ्या रिसीव्हरचा सर्वात स्वच्छ दिवस. मी उठून टाळ्या वाजवल्या.

कुणीच वाजवल्या नाहीत. हेवा किती असावा माणसाला!

शास्त्रज्ञांच्या टेबलावर सगळे स्क्रीनला नाक लावून बसले होते. भाची एकच बटण परत परत दाबत होती. मग वळून म्हणाली, मामा, उंचवटा कुठाय? मी म्हटलं, गेला! मीच काढला! तिने विचारलं, वजा केलेलं कुठे ठेवलंय? मी म्हटलं, कुठेच नाही.

ती खाली बसली. जमिनीवर. खुर्ची मागेच होती तरी.

तोच दिवस, संध्याकाळ.

सगळे मला समजावायला टपलेत. गाईडने हॉस्पिटलमधून फोन केला. पॉवरवाला आला. आज्ञावाली आली. सगळे तेच सांगत होते, जे छकुली जेवताना सांगायची. उंचवटा म्हणजेच इलेक्ट्रॉनची दाटी. आकार म्हणजेच त्यांची उष्णता. काठ्या त्यासाठीच होत्या. रिसीव्हर शांत हवा होता, तो याच खरखरीला मध्ये न येता ऐकता यावं म्हणून. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या म्हणे.

मग आधी कुणी नीट सांगितलं का नाही? स्लाइड करून का नाही सांगितलं? एवढ्या मोठ्या संस्थेत एका माणसाला धड काही सांगायची पद्धत नाही! माझ्यावर खापर फोडायला बरे सगळे तयार! रागाने इतकं दाबून लिहितोय की कागद फाटला.

केक ऑफिसातच राहिला. कुणी कापला नाही.

शुक्रवार, २१ मार्च.

चौकशी. बाईंनी विचारलं, विज्ञान-टेबलाकडून हरकत नाही कुणी म्हटलं होतं? भाची उभी राहून म्हणाली, मी.

आणखी काय जाईल हे विचारलं होतंस? विचारलं होतं.

मग उत्तर काय मिळालं?

आता ती सांगणार, म्हणून मी तयार होतो. माझी सगळी उत्तरं तयार होती, मुद्द्यांसकट. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, उत्तर मला समजलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. माझी चूक.

मी बोलणारच होतो. अगदी तोंड उघडलं होतं. पण बाईंनी लगेच पुढचा मुद्दा घेतला. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

संकल्प: उद्या बाईंना जाऊन खरं काय ते सांगायचं.

शनिवार, २२ मार्च.

शनिवारी बाई नसतात. विसरलोच होतो.

रविवार, २३ मार्च.

ताईचा फोन. हिने घेतला. बराच वेळ बोलत होत्या. मला दिला नाही. मी मागितलाही नाही. ताईवर भयंकर राग आला, का ते आठवत नाही.

सोमवार, २४ मार्च.

बाई कामात होत्या. दारापर्यंत गेलो होतो.

मंगळवार, २५ मार्च.

बाई फोनवर.

गुरुवार, २७ मार्च.

अहवाल आला. सगळ्यांना एकाच वेळी. रिसीव्हरसमोर लिहिलंय: निर्दोष. अपेक्षेप्रमाणे तंतोतंत काम केले. त्याखालच्या ओळीत: त्रुटी, विज्ञान-टेबल, आज्ञेला अपुऱ्या माहितीवर संमती.

निर्दोष. याच एका शब्दासाठी आयुष्यभर भांडलो. पॉवरवाल्याचं तोंड त्या शब्दाने कसं होईल, हे किती वेळा मनात रंगवून झालं होतं. तो आला, म्हणाला, अभिनंदन साहेब. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. ओरडण्यासारखं काही सापडलं नाही. तो थोडा थांबला आणि गेला.

भाचीला विज्ञान-टेबलावरून काढलं. प्रबंधाला दुसरा विषय बघ म्हणाले.

शनिवार, २९ मार्च.

सकाळी छकुली लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. त्या सरळ रेघा उघडून. मला म्हणाली, मामा, दोन मिनिटं बस. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिने मला बसायला सांगितलं. आता ती बोलणार, चांगलं फैलावर घेणार. मला बरं वाटलं. घे म्हटलं मनात. त्यासाठीच बसलो.

तिने अहवालाचा विषय काढलाच नाही. म्हणाली, झाडू कसा चालतो ते नीट सांग. सुरुवातीपासून. वजा करताना थोडं काही मागे राहतं का? सरासरी घ्यायला वेळ लागत असेल, तेवढ्यात काही निसटत असेल. कडेला, कोपऱ्यात, कुठेही. अगदी थोडं असलं तरी चालेल, थोड्यावरूनसुद्धा मी दाटी काढीन. तिने कागद पुढे ओढला आणि पेन्सिल हातात घेतली.

मी सगळं सांगितलं. ती एकेक शब्द लिहून घेत होती. कुठे काही राहू शकेल तिथे तिथे मी काय काय बंदोबस्त केलाय तेही सांगावं लागलं. निसटणारं पकडायला एक वेगळा फेरा ठेवला होता. कडा दोनदा पुसल्या होत्या. जसजसं सांगत गेलो तसतशी तिची पेन्सिल हळू होत गेली.

शेवटी तिने विचारलं, म्हणजे काहीच उरत नाही? नक्की?

खोटं बोलावंसं वाटलं. पण ती त्यावर आणखी वर्ष घालवेल. मी म्हटलं, नक्की. काही उरत नाही, पोरी. मी तो फार चांगला बनवलाय.

ती बरं म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.